उताराचा दिवा

दिवा कुणीतरी विझवला होता.

वाऱ्याने नाही. तेल संपून नाही. कुणीतरी पूर्ण शुद्धीवर असताना, रागाच्या भरात, हात पुढे करून तो विझवला. आणि नंतर लोक विचारायला आले तेव्हा त्यांना सांगितलं, "तो निघून गेला." तीन शब्द. त्या तीन शब्दांवर एक माणूस दीडशे वर्षं बदनाम राहिला, आणि जरा नदीत वाकून पाहावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

कोण ते आत्ता सांगत नाही. बसा. ब्रोडी, ते बूट शेगडीपासून लांब ठेव, रबर जळल्याचा वास सुटलाय. हुइया, वायरलेस तुझ्याजवळ असू दे. इथे आभाळ कोरडं आहे म्हणून फसू नका, तिकडे डोंगरात धो धो चालू आहे. नदी पहाटेपर्यंत चढणार, आणि पूल बंद करायचा निरोप आला की आपल्या तिघांनाच जावं लागणार. तोवर आगीच्या बंबाला पाठ लावून बसा आणि ऐका.

गोष्ट माझी नाही. नोएलीन पेनफोल्डची. तुम्ही दोघंही लहानपणी तिच्याच बसने शाळेत गेलात. तिने मला सांगितलं तसं सांगतो, पदरचा एक शब्द घालत नाही.

हस, ब्रोडी. मीही हसलो असतो. तीस वर्षं मी या नदीचे बांध घातलेत. मला पाणी कळतं, भुतं कळत नाहीत.

एडविन पेनफोल्ड हा नोएलीनचा खापरपणजोबा. इंग्लंडमध्ये, ससेक्सला मेंढ्या राखायचा. १८५९ साली हेस्टर नावाच्या बायकोला घेऊन जहाजाने जगाच्या या टोकाला, लिटलटनच्या बंदरात उतरला. सरकारने त्याला ऑल्डर नदीच्या उतारावर नेमलं. तेव्हा पूल कुठले? जिथे पाणी पसरून गुडघाभर होतं तिथून माणसं, घोडे, बैलगाड्या पार व्हायच्या. तो उतार. पण आपली नदी एका जागी राहते का? एक पूर आला की कालचा उतार आज डोह. म्हणून उताराचा माणूस ठेवायचे. पूर ओसरला की त्याने पाण्यात शिरायचं, उथळ वाट पायाने चाचपायची आणि वाटेच्या कडेने विलोच्या फांद्यांचे खुंट ठोकत जायचं. खुंटाची एका बाजूची साल सोलायची. पलीकडून जो यायचा असेल त्याच्याकडे ती पांढरी बाजू. ही खूण नदीत काम करणाऱ्यांना अजूनही ठाऊक आहे. आणि रात्री आपल्या घरासमोरच्या खांबावर कंदील. खुंट डाव्या हाताला, कंदील नाकासमोर, एवढं सांभाळलं की नवखा माणूसही अंधारात घरी पोचायचा.

नऊ वर्षं एडविनने हे काम केलं. १८६८ च्या जूनमध्ये तो पलीकडच्या काठाला गेला तो परत आला नाही. हेस्टरने सांगितलं, तो निघून गेला. लोकांना ते लगेच पटलं. तेव्हा वेस्ट कोस्टला सोनं निघत होतं, रोजच कुणी ना कुणी निघून जात होतं. चर्चच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'नवऱ्याने टाकलेली'. मांडीवर दोन वर्षांचं मूल.

तेव्हापासून पेनफोल्डांच्या घरात ती शिवीच झाली. पोरगं ताटावरून उठलं, की "चालला एडविन". कुणी लग्न मोडलं, "एडविनचंच रक्त". पाच पिढ्या.

आता टोबी. तुम्हाला तो आठवत असेल, हुइया, तुझ्या ताईच्या वर्गात होता. नोएलीनचा एकुलता एक. त्याचा बाप लवकर गेला, मेंढ्या आणि पोरगा दोन्ही तिनेच वाढवले. ऑक्टोबरातली एक संध्याकाळ, आता मी जी रात्र सांगणार आहे तिच्या दीड वर्ष आधीची. बावीस वर्षांचा पोरगा तिला म्हणाला, "आई, मला मेंढ्या नकोत. मी नेल्सनला जातो, मासेमारीच्या बोटीवर."

"कुणी अडवलंय? जा. पळणं आपल्या रक्तातच आहे. एडविन कुठला."

तो बॅग घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आणि परत आलो तर?"

"आलास तर बघू."

त्याने पिकअप काढला आणि नदीच्या पात्रातून पलीकडच्या पबला गेला. पुलावरून बावीस किलोमीटरचा वळसा पडतो, पाणी कमी असलं की आपण सगळे पात्रातूनच जातो. त्याला पबमध्ये साडेदहापर्यंत लोकांनी पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही. फोन बंद. बँकेतून काही काढलेलं नाही. पोलिसांनी नोएलीनला विचारलं. ती म्हणाली, "बॅग घेतली होती. निघून गेला."

झालं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि नेल्सनला चौकशी केली. नदीत कुणी पाहिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून नोएलीनला पूर्वजांचा शोध घ्यायचं वेड लागलं. जहाजांच्या याद्या, चर्चच्या वह्या, थुंकी नळीत भरून पाठवायची ती तपासणी, सगळं. जुनं वळणदार अक्षर तिला लागायचं नाही, मला लागतं. म्हणून शनिवारी मी तिच्या टेबलावर बसून वाचायचो आणि ती मला चीज रोल खाऊ घालायची. एकदा मी चिडून म्हटलं, "नोएलीन, तो एडविन जाऊन शतक उलटलं. काय करायचाय तुला तो?"

ती म्हणाली, "डेस, तो पळाला ना? मग कुठेतरी पोचला असेल. कुठेतरी जेवला असेल, म्हातारा झाला असेल. तो मला तसा सापडला, तर..."

पळालेला माणूस निदान जिवंत असतो. बाकी काही नको होतं तिला. आपल्या घराण्यातला पळपुटा खरोखरच पळपुटा निघावा, एवढंच.

आणि तो सापडला. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटला. एडविन पेनफोल्ड, मधमाश्या पाळणारा, एक्याऐंशीव्या वर्षी अंथरुणात शांतपणे वारला. फोटोसुद्धा मिळाला: मधाच्या पेट्या, पांढरी दाढी, गुडघ्यावर टोपी. वय तीन वर्षांनी जुळत नव्हतं. पण वंशावळी शोधणारी माणसं तीन वर्षं सहज खिशात घालतात. एका नावाची दोन माणसं जगात असू शकतात हे त्यांना माहीत असतं, फक्त आपल्या माणसाच्या बाबतीत ते विसरायला होतं. तिने तो फोटो चौकटीत घालून टोबीच्या फोटोशेजारी टांगला. दीड वर्षात मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळली तर मीही खरं दडवणाऱ्यांतलाच.

त्या रात्रीच्या आधीच्या एप्रिलमध्ये क्राइस्टचर्चहून उतारासंबंधीच्या जुन्या पत्रांच्या प्रती आल्या होत्या. त्यात एका गाडीवानाची तक्रार होती, जोसेफ टक नावाच्या. 'दि. १५ जून १८६८ च्या रात्री ऑल्डरच्या उतारावर दिवा नव्हता. मला बैलांसकट पलीकडच्या काठावर रात्र काढावी लागली. मध्यरात्रीच्या सुमारास पाण्यातून कुणी हाक मारत असल्यासारखं वाटलं, परंतु पाण्याच्या आवाजात नक्की कळलं नाही. चौकशी व्हावी.' खाली शेरा: 'चौकशीची आवश्यकता नाही. इसम नोकरी सोडून गेला आहे.' आणि सही. फार सुंदर सही आहे, मन लावून केलेली. एक माणूस पाण्यात ओरडत होता आणि दुसरा सहीचं शेवटचं वळण जुळवत होता.

नोएलीनने विचारलं, "काय आहे रे त्यात?"

मी म्हटलं, "काही नाही. गाडीवानाची कुरकुर."

आणि फाइल मिटली.

बोल, हुइया. बोल ना. नाही? बरं.

तर ती रात्र. गेल्या वर्षीचा जून, ऐन हिवाळा, एकवीस तारीख, शनिवार. फेअरहोमच्या हॉलमध्ये या पूर्वज शोधणाऱ्यांची सभा होती आणि नोएलीनने बॅलरॅटचा एडविन सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या. त्यांच्यातली मेव्हिस तर म्हणाली, "बघा बाई. मध चाटत म्हातारा झाला, आणि इकडे बायको मेंढ्यांच्या लेंड्या उचलत राहिली." सगळे हसले, नोएलीन सगळ्यांत जास्त. सभेनंतर तिने कप धुतले आणि हॉलची चहाची टाकी साफ करायला म्हणून बरोबर घेतली, शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवली. टाकी सोमवारी परत करायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

घरी पोचली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडीच्या घड्याळात तिने पाहिलं होतं. आभाळ स्वच्छ, वारा नाही, गवतावर दहिवर गोठून कडक पांढरं झालेलं. तिने टाकी आत नेली, किटली चालू केली. सिंकवरच्या खिडकीतून अंगण दिसतं. अंगणात तो खांब. कंदील जाऊन विजेचा दिवा आला, पण जागा तीच. आणि रीतही तीच. घरातलं माणूस पलीकडे असेल तर तो दिवा लावून ठेवायचा. नदीकाठच्या सगळ्या घरांत ही रीत आहे, तुमच्याही.

त्या घरी तो दिवा दीड वर्ष बंद होता.

खांबाखाली कुणीतरी उभं होतं.

तिला आधी भीती वाटली नाही. आपल्याकडे रात्री दारात कुणी आलं म्हणजे गाडी रुतलेली असते. तिने गमबूट चढवले, बॅटरी घेतली, बाहेर आली.

"काय हो, रुतली का गाडी?"

तो वर बघत होता, बंद दिव्याकडे.

ती जवळ गेली. जाड लोकरी कोट. डोक्यावर टोपी नाही. काखेत काठ्यांची मोळी. कोटाच्या टोकांतून पाणी गळत होतं... थेंब थेंब नाही, धार. सगळं अंगण पांढरं. त्याच्या पायाखालचं गवत तेवढं हिरवं. ओलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, कुत्री भुंकत नव्हती. दोन्ही कुत्री घराच्या पायरीशी, एकमेकांना चिकटून.

"दिवा नाही," तो म्हणाला.

"बंद असतो. तुम्ही... कुठून आलात?"

"पलीकडून."

"पाण्यातून? या थंडीत? आत या. चला, आत या."

तो हलला नाही.

"निघालो होतो," तो म्हणाला. "दिवा दिसला नाही."

नोएलीनला तेव्हा कळलं. कसं कळलं ते तिला मला नीट सांगता येईना. चेहऱ्यावरून नाही, कपड्यांवरून नाही. ती म्हणाली, "डेस, त्याच्या उभं राहण्यात माझे वडील होते."

आणि तिने काय केलं ठाऊक आहे? पळाली नाही. किंचाळली नाही. ती त्याच्याशी वाद घालायला लागली.

"तुम्ही बॅलरॅटला गेलात. मधमाश्या पाळल्यात. एक्याऐंशी वर्षं जगलात. फोटो आहे माझ्याकडे, आणून दाखवते..."

त्याची नजर दिव्यावरच.

"तुम्ही पळून गेलात. सगळे तेच म्हणतात. पळूनच गेलात ना?"

त्याच्या कोटातून पाणी गळत राहिलं.

"हो म्हणा ना. नुसतं हो म्हणा."

तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, ती म्हणाली. लहान मुलाला काही वाईट सांगायचं असतं आणि आपल्याला सांगवत नाही, तसं पाहिलं.

"घरी येत होतो."

नदीचा आवाज. बाकी काही नाही.

"तोही."

"कोण?"

...

"तोही म्हणजे कोण?"

"दिवा लावा," तो म्हणाला. "पोरगं पाण्यात आहे."

थांब, ब्रोडी. आत्ता काही बोलू नकोस.

इथपर्यंत सांगून नोएलीन थांबली, आणि मग तिने मला ते सांगितलं जे दीड वर्षात तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांना नाही, मला नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. टोबी गेला त्या रात्री तो दिवा चालू होता. तिनेच लावला होता, सवयीने. टोबीने विचारलं होतं ना, परत आलो तर? ते तिच्या डोक्यात घुमत राहिलं. पावणेदहा वाजता ती उठली, मागच्या दाराशी गेली, आणि बटण बंद केलं. येऊ दे पुलावरून. घालू दे बावीस किलोमीटरचा वळसा. कळू दे जरा. आणि झोपली.

डोंगरात पाऊस होता त्या रात्री. आजच्यासारखाच.

घरचा दिवा दिसला नाही की पात्रातून येणाऱ्याला एकच उजेड दिसतो, खालच्या अंगाच्या गोठ्याचा. त्याच्या रोखाने गेलं की मध्ये मोठा डोह. मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती 'निघून गेला' म्हणाली. पहिल्या दिवशी रागाने म्हणाली, नंतर दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

ती आत धावली. बटण मागच्या दाराशी, कोटांच्या मागे. हात तिथवर गेला... पुढे जाईना. दीड वर्ष तिने त्या कोटांना हात लावला नव्हता. त्यात टोबीचाही होता.

दाबलं.

दिवा फडफडला. लागला.

अंगण रिकामं.

खांबाखाली हिरव्या गवताचे दोन तुकडे. बाकी सगळं पांढरं. कुठून पावलं आली नव्हती, कुठे गेली नव्हती.

आणि मग आवाज आला. लांबून. पलीकडच्या काठावरून.

ठक.

ठक. ठक.

...

ठक.

लाकडावर लाकूड. जरा वेळ थांबायचा. मग पुन्हा, थोडा अलीकडे. पुन्हा थांबायचा. पुन्हा, आणखी अलीकडे. ती पायरीवर बसली, कुत्री दोन्ही बाजूंना. आत जावंसं वाटलं नाही, ती म्हणाली. भीती वाटत होती ती त्या माणसाची नव्हती. तो आवाज कुठे थांबेल त्याची होती.

चारच्या सुमाराला थांबला.

अलीकडच्या काठापर्यंत आला नव्हता.

सकाळी साडेसहाला मला फोन. "डेस, नदीवर ये. खोदायचं यंत्र घेऊन ये." आवाज अगदी साधा, बस उशिरा येणार आहे असं सांगावं तसा. मी क्लेटनला उठवलं. तो पात्रातून रस्त्यासाठी खडी काढायचा, त्याचं यंत्र तिथेच उभं असायचं. पंचविशीतला पोरगा, डोळे चोळत आला. उजाडलं तेव्हा आम्ही तिघं काठावर होतो.

पलीकडच्या काठापासून खुंटांची एक रांग निघाली होती. विलोचे, ताजे तोडलेले, चीक अजून ओला. पाण्यातून, वाळूवरून, पुन्हा पाण्यातून. मी काठीने पाणी मोजत गेलो, कुठेच गुडघ्याच्या वर नाही. तीस वर्षं मी ती नदी पाहिली आहे, ती वाट मला माहीत नव्हती. वाळूवर पावलाचा एक ठसा नाही. आणि रांग पात्राच्या मध्येच, खडीच्या एका उंचवट्यावर येऊन संपत होती. तिथून घराच्या काठापर्यंत साठ पावलं मोकळी.

क्लेटन म्हणाला, "कुणाची मस्करी आहे ही? डेस, तुझी का?"

मी म्हटलं, "खोद."

दोन मीटरवर यंत्राची बादली लोखंडाला लागली. क्लेटनने यंत्र थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला काही सांगितलेलं नव्हतं, पण त्याचा चेहरा उतरला. नोएलीन फक्त एवढंच म्हणाली, "हळू हं."

पिकअपचं तोंड घराकडे होतं.

टोबी आत होता. बॅग शेजारी होती, उघडलेली नव्हती.

ती खडीवर बसली. रडली नाही. त्या गाडीच्या नाकाकडे बघत राहिली, मग तिथून दिसणाऱ्या घराकडे, मग पुन्हा गाडीकडे. दिवा दिवसाउजेडीही चालू होता.

"येत होता," ती म्हणाली. "डेस, तो येत होता रे."

मी तिला जोसेफ टकच्या पत्राचं सांगितलं. तिथेच, पोलीस यायच्या आधी. दिवा नव्हता, पाण्यातून हाक आली, सगळं.

"कधी वाचलंस तू ते?"

"एप्रिलमध्ये."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीही हेच केलं असतं." तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पोलिसांनी खुंटांबद्दल विचारलं. आम्हाला माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, 'अज्ञात इसमाने ठोकलेले'. लिहिणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना लिहून झाल्यावर झोप येते.

टोबीला चर्चमागे पुरलं. बॅलरॅटचा फोटो तिने भिंतीवरून काढला आणि तिकडच्या कुटुंबाला पत्रासकट पाठवून दिला, तुमचा माणूस चुकून आमच्याकडे राहिला होता म्हणून. स्वतःच्या कागदावर एडविनच्या नावापुढे तिने १५ जून १८६८ लिहिलं, आणि पुढे दोन शब्द, 'घरी येताना'. हेस्टरला मात्र ती एका शब्दाने वाईट बोलली नाही. सभेत टकचं पत्र वाचल्यावर सगळे बोलले. मेव्हिस म्हणाली, "दिवा विझवून वर नवऱ्यालाच बदनाम केलं, कसली बाई म्हणायची." नोएलीन उठली आणि कप धुवायला गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. नळ सोडून ती म्हणाली, "दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन तिने दुसरं काय सांगायचं होतं, डेस? मी विझवला म्हणून तो बुडाला? असं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी उठू शकतं का?"

ती आता उठते. रोज. कशी ते मला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये मोठा पूर आला, तो तुम्हाला आठवत असेल. सगळे खुंट गेले. मी स्वतः पाहिलं, पात्र धुऊन निघालेलं, उताराची जागाच बदललेली. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी क्लेटन सकाळी खडी काढायला म्हणून पात्रात गेला आणि काम न करताच परत नोएलीनच्या दारी आला. मी तिथेच चहा घेत होतो. त्याने आम्हाला बाहेर बोलावलं.

नवी रांग होती. नव्या उतारावर. ताजे खुंट, ओला चीक, पाणी कुठेच गुडघ्यावर नाही. पण या वेळी ती मध्ये थांबलेली नव्हती. पलीकडच्या काठापासून अलीकडच्या काठापर्यंत, तिथून गवतावरून वर, आणि शेवटचा खुंट नोएलीनच्या फाटकापाशी.

टोबी तर घरी आला होता...

क्लेटनला एडविन माहीत नाही. हेस्टर माहीत नाही. त्याला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. त्याने टोपी काढली, शेवटच्या खुंटाशी वाकून पाहिलं, मग मान वर करून खांबावरच्या दिव्याकडे.

"मिसेस पी," तो म्हणाला, "हा दिवा बंद करू नका. पांढऱ्या बाजू सगळ्या पलीकडे आहेत. अजून कुणीतरी यायचं आहे."